भिंतीनें धरलेलें चित्र

छत्रपती संभाजीनगर शहरांतील सिडको वसाहतींत एखाद्या घरीं नवा दूरचित्रवाणी संच येतो, तेव्हां दुकानाकडून आलेला कारागीर खोकें उघडण्यापूर्वीं एक लहानसें काम करतो. बोटाच्या पेरानें तो भिंतीवर दोनतीन ठिकाणीं ठोकून पाहतो आणि कान देऊन ऐकतो. आवाज भरीव आला तर खूण करतो. पोकळ आला तर गिलावा सुटलेला आहे हें ओळखून हातभर बाजूला सरकतो. मग घरधन्याला त्याचा ठराविक प्रश्न असतो : भिंत नऊ इंची कीं चार इंची ? घरांतील मंडळींचें लक्ष चित्राकडे असतें, कारागिराचें भिंतीकडे. चित्र कितीही सुंदर असो, तें धरून ठेवण्याचें बळ भिंतींत किती आहे, हा प्रश्न या शहराच्या परिसरांत निदान दोन हजार वर्षें विचारला जात आहे.

शहरापासून सुमारें शंभर किलोमीटरांवर अजिंठ्याचीं लेणीं आहेत. नऊ आणि दहा क्रमांकांच्या लेण्यांतील सर्वांत जुनीं चित्रें ख्रिस्तपूर्व काळांतलीं, तर सोळा आणि सतरा क्रमांकांच्या लेण्यांतील जगप्रसिद्ध चित्रें पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतलीं, वाकाटक नृपति हरिषेण याच्या काळचीं. त्या चित्रांतील डोळ्यांविषयीं आणि बोटांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांच्या मागच्या चिखलाविषयीं त्या मानानें फारच थोडें. चित्रकारांनीं काळ्या खडकाची भिंत गुळगुळीत केली नाहीं. छिन्नीचे घाव तिच्यावर तसेच राहूं दिले, कारण त्या खडबडींतच गिलाव्याला पकड मिळावयाची होती. तिच्यावर मातींत भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतु कालवून केलेला लेप, त्यावर पांढरा पातळ थर, आणि मग रंग. कोंडा आणि तंतु हे त्या मातीचे स्नायूच म्हणावयाचे. वाळतांना तिला भेगा पडूं नयेत आणि तिनें खडक सोडूं नये, एवढ्यासाठींच त्यांची योजना.

तरी शतकांच्या ओघांत मातीनें खडक सोडलाच. ओल, कीटक आणि वटवाघळें यांनीं आपलें काम केलें, आणि १८१९ सालीं जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस तीं लेणीं पडल्यावर माणसांनींही त्यांत भर घातली. पुढें हैदराबाद संस्थानच्या पुराणवस्तु खात्यानें, गुलाम यझदानी हे त्याचे प्रमुख असतांना, इटलींतून लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ऑर्सिनी या दोघां तज्ज्ञांना पाचारण केलें. १९२० ते १९२२ या काळांत त्यांनीं सुटलेल्या गिलाव्याच्या मागें चिकट द्रव्यें सोडून आणि कडा लिंपून तो पुन्हा खडकाला जोडला. त्यांनीं वर दिलेला लाखेचा हात पुढें पिवळा पडला, हा दोष खरा. पण त्यांनीं चित्राआधीं भिंतीची चिकित्सा केली, हें विसरतां येत नाहीं.

राजे आणि भिक्षु यांच्या भिंती खडकाच्या होत्या. गृहस्थाच्या तशा नव्हत्या. मराठवाड्यांतलें जुनें घर म्हणजे माळवदाचें घर. वर लांकडी तुळया, त्यांवर मातीचें सपाट छत, आणि तें सारें ओझें पेलणाऱ्या दगडमातीच्या, पांढरीच्या जाड भिंती. अशा भिंतींत खिळा ठोकणें म्हणजे ढेपळांत काडी खोंचणें; आज बसतो, उद्यां मातीसकट हातांत येतो. म्हणून जुन्या गवंड्यानें खिळ्याची गरजच ठेवली नाहीं. जें ठेवावयाचें त्यासाठीं भिंत बांधतांनाच कोनाडा सोडला, देवासाठीं देवळी केली, आणि जें टांगावयाचें त्यासाठीं लांकडी खुंटी दोन दगडांमध्यें दाबून वर बांधकाम चढविलें. पागोटें, कंदील, जोंधळ्याची पिशवी हीं सर्व पिढ्यान्‌पिढ्या त्याच खुंटीवर लटकलीं. भिंतीशीं जो व्यवहार करावयाचा तो ती उभी राहण्यापूर्वीं, नंतर नाहीं, असा तो नियम होता.

त्या नियमाला पहिला धक्का दिला तो छापील चित्रानें. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस शिळाछापखाना काढला आणि लक्ष्मीसरस्वतींचीं रंगीत चित्रें घरोघर गेलीं. देव देवळींतून निघून चौकटींत आले. कांचेची ती चौकट कोनाड्यांत मावेना. मग लांब खिळे आले, खिळ्यामागें लांकडाची पाचर आली. हीं चित्रें तुळईला लागून, उंच टांगलीं जात, आणि वरची कड दोरीनें भिंतीपासून सोडून तीं किंचित् पुढें झुकवलेलीं असत, म्हणजे खालीं बसलेल्या माणसाला मुख नीट दिसावें. आजच्या दूरचित्रवाणी संचामागें मान झुकविणारी लोखंडी चौकट मिळते तिचें हें मूळ रूप. फरक इतकाच कीं त्या वेळीं सुतळीच्या एका गांठीनें तें काम होत असे.

पाचरीची शास्त्रीय सुधारणा मात्र लंडनला झाली. तेथील ब्रिटिश म्यूझियममध्यें विजेचीं उपकरणें बसवावयाचीं होतीं आणि भिंती फोडावयाच्या नव्हत्या. तोंवरची रीत म्हणजे छिन्नीनें चौकोनी खळगा पाडून त्यांत लांकडाचा ठोकळा बसविणें. जॉन जोसेफ रॉलिंग्ज या कंत्राटदारानें त्याऐवजीं एक लहानसें गोल भोंक पाडून त्यांत तागाच्या धाग्यांची नळी सरकविली. तिच्यांत स्क्रू पिळला कीं नळी फुगते आणि भोंकाच्या कडांवर चोहोंकडून दाब देते. स्क्रूला धरून ठेवतो तो हा दाब. १९११ मध्यें त्यानें याचें पेटंट मागितलें, आणि १९५८ सालीं जर्मनींतील आर्टुर फिशर यानें तीच युक्ति नायलॉनमध्यें उतरविली. बाजारांत जिला गिट्टी म्हणतात ती बोटाच्या पेराएवढी नळी या दोघांची वारस आहे. परंतु तिचा गुण तितकाच तिचा दोष. ती भिंतीला दाबते, म्हणून भिंतीनेंही उलट दाबलें पाहिजे. पक्की वीट तसें करते. माती करीत नाहीं, ती चुरते.

इकडे मराठवाड्याच्या घरांत भिंतीशीं न भांडतां एक नवा पाहुणा आला होता. १९४७ सालीं देश स्वतंत्र झाला तेव्हां संस्थानांच्या मालकीचीं जीं पांच नभोवाणी केंद्रें होतीं त्यांत म्हैसूर, बडोदें, त्रिवेंद्रम आणि हैदराबाद यांच्या पंक्तीला औरंगाबादचेंही नांव होतें. नभोवाणीचा संच फळीवर बसे. त्याला पाहावयाचें नसल्यामुळें तो कोठेंही ठेवला तरी चाले. दूरचित्रवाणीचें तसें नव्हतें. दिल्लीस ती १९५९ मध्यें, मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं आली. १९८२ मध्यें तिला रंग चढला आणि १९८४ च्या सुमारास लहान शक्तीचीं प्रक्षेपण केंद्रें देशभर उभीं राहतांच ती जिल्ह्याजिल्ह्यांत पोंचली. पण तिचें चित्र भिंतीवर जाणें शक्यच नव्हतें. कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञानें १८९७ मध्यें सिद्ध केलेली कांचेची निर्वात नळी तिच्या पोटांत होती. नळीच्या मागच्या टोकाकडून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत वळवून पडद्याच्या चारी कोपऱ्यांपर्यंत न्यावयाचा, तर त्याला मागें अंतर हवेंच. पडदा रुंद केला कीं पाठही वाढे. आणि बाहेरच्या हवेचा दाब सोसण्यासाठीं कांच जाड करावी लागे. २९ इंची संच चाळीस किलोंच्याही पुढें जाई. तो उचलावयास दोन माणसें लागत आणि घरांत त्याला कोपराच धरावा लागे. पाठीमागें कोपऱ्याची पोकळी, पुढें सरकत्या दारांचें लांकडी कपाट, वर भरतकामाचें आवरण आणि त्यावर फुलदाणी, असा त्याचा थाट होता.

या नळीवर औरंगाबादचें एक मोठें भाग्य उभें राहिलें. पैठणच्या ज्या वाटेनें नाथषष्ठीचे वारकरी जातात, त्याच वाटेवर शहरापासून चौदाव्या किलोमीटरच्या दगडाशीं चितेगांव आहे. साखरेच्या धंद्यांतून पुढें आलेले नंदलाल माधवलाल धूत यांच्या कुटुंबानें १९८० च्या दशकाच्या मध्याला जपानच्या तोशिबा कंपनीच्या तांत्रिक साह्यानें दूरचित्रवाणी संच काढण्यास आरंभ केला, आणि व्हिडिओकॉन हें नांव देशांत घरोघर झालें. जिल्ह्यांतल्या तरुणाला संच जुळविण्याचें काम घराजवळ मिळूं लागलें. शेतीवर आणि पावसावर सर्वस्वीं अवलंबून असलेल्या प्रदेशांत ही गोष्ट लहान नव्हती.

मात्र नळीचा शेवट तिच्या उत्कर्षाच्या पुष्कळ आधींच प्रयोगशाळेंत लिहिला जात होता. १९६४ मध्यें इलिनॉय विद्यापीठांत वायूच्या दीप्तीवर चालणारा सपाट पडदा निघाला. १९६८ मध्यें अमेरिकेच्या आर. सी. ए. कंपनीनें द्रवस्फटिकांचा पडदा जगाला दाखविला. भिंतीवर टांगतां येईल असा संच हें तेथील संशोधकांचें उघड स्वप्न होतें. १९९७ च्या सुमारास ४२ इंची सपाट संच बाजारांत आला, आणि त्याच वेळीं संचाच्या पाठीवरील स्क्रूंच्या भोंकांचें अंतर सर्वांनीं सारखें ठेवावें असा संकेतही ठरला. ७५, १००, २०० मिलिमीटर हे त्याचे आंकडे. त्यामुळें कोणत्याही कंपनीची चौकट कोणत्याही संचाला लागूं लागली.

अशा वेळीं, २००५ मध्यें, व्हिडिओकॉननें फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनळ्यांचा धंदा विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको आणि चीन येथील कारखाने मराठवाड्यांतल्या एका घराण्याच्या हातीं आले, याचा अभिमान वाटणें स्वाभाविक होतें. परंतु २००७ च्या अखेरीस जगांत द्रवस्फटिकांच्या संचांची विक्री नळीच्या संचांच्या पुढें गेली. विकत घेतलेली वस्तु दोनतीन वर्षांतच जुन्या जगाची झाली. कंपनीवर कर्ज चढलें तें केवळ नळीमुळें नव्हे. दूरध्वनीसारख्या इतर साहसांचाही त्यांत वांटा होता. पण १९९० च्या दशकांत जी वस्तु बनविण्यांत तिचा हातखंडा होता तिचें गिऱ्हाईकच संपलें, हें टाळतां येण्याजोगें नव्हतें. जून २०१८ मध्यें तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. घरांतला संच कोपऱ्यांतून भिंतीवर गेला त्याच वर्षांत कोपऱ्यांतल्या संचाचा कारखानदार कोसळला, आणि चितेगांवच्या रस्त्यानें रोज कामावर जाणाऱ्यांच्या घरीं त्याची झळ पोंचली.

दरम्यान भिंतही बदलली होती. १९७० च्या दशकापासून सिडकोनें शहरांत नवीं घरें उभारलीं. त्यांत बाहेरची भिंत नऊ इंची आणि आंतली चार इंची अशी विभागणी रूढ झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपांत दगडमातीच्या जाड भिंतींनीं आपल्याच माणसांना गाडलें, तेव्हां जाडी म्हणजे बळकटी नव्हे हें मराठवाड्याला फार भयंकर रीतीनें समजलें. त्यानंतर वीट आणि सिमेंट खेड्यापाड्यांतही वाढलें. अलीकडच्या इमारतींत हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांच्या भिंती असतात. त्यांत साधी गिट्टी सैल पडते आणि लांब, निराळ्या घडणीची लागते.

नवलाची गोष्ट अशी कीं संचाचें वजन मात्र उतरलें आहे. ४३ इंची संच आठदहा किलोंच्या आंतबाहेर असतो. एवढें वजन चार स्क्रूंनीं चांगल्या विटेंत निर्धास्त पेलतें. भय असतें तें पुढें ओढून घेतां येणाऱ्या चौकटीचें. संच भिंतीला चिकटून असतो तोंवर त्याचा भार खालीं जातो. हातभर पुढें ओढला कीं तोच भार पहारीसारखा वरच्या दोन स्क्रूंना बाहेर उपटूं पाहतो. म्हणून जाणता कारागीर भोंकांतला भुगा फुंकून काढतो, त्याचा रंग पाहतो. तांबडा भुगा म्हणजे वीट लागली. नुसताच करडा येत राहिला तर अजून गिलाव्यांतच आहे, किंवा स्लॅबच्या खांबाला गांठ पडली. विजेच्या बटणाच्या सरळ वर तो यंत्र लावीत नाहीं, कारण तार तेथूनच गेलेली असते. उंचीविषयीं मात्र त्याचें आणि घरच्यांचें क्वचितच जमतें. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीस पडद्याचा मध्य यावा, असें तो सांगतो. घरांतलीं वडील माणसें बोट वर दाखवितात, जेथें पूर्वीं लक्ष्मीची चौकट होती तेथें.

जुन्या शहरांत, गुलमंडीच्या आसपास, अजून कांहीं वाडे उभे आहेत. तेथें भिंतीवर ठोकतांच आवाज येत नाहीं. माती तो गिळून टाकते. कारागीर एक भोंक पाडून पाहतो, पिवळसर भुगा ओघळतच राहतो, आणि तो यंत्र पिशवींत ठेवतो. मग कोनाड्यासमोर एक मेज येतें, संचाचे दोन पाय त्याला जोडले जातात, आणि पडद्याच्या मागें कोनाड्यांतली समई तशीच राहते.