छावणीतला ब्लॉक: भिंगार आणि जुन्या गाड्यांची इंजिने

जुनी गाडी पुन्हा उभी करताना ब्लॉक कोणता घ्यायचा, हा अमेरिकेत बहुधा ताकदीचा प्रश्न असतो. १९६० च्या दशकातल्या तिथल्या ‘मसल कार’साठी शेव्हरोलेचा ३५० घनइंची व्ही-८ शोधणारा माणूस मेन बेअरिंगच्या कॅप दोन बोल्टच्या आहेत की चार बोल्टच्या, हे आधी पाहतो. चार बोल्टचा ब्लॉक क्रँकला अधिक घट्ट धरतो, म्हणून त्याला भाव जास्त. भिंगारकडे हाच प्रश्न लष्कराच्या वाटेने आला, आणि तिथे ताकदीपेक्षा सुटे भाग मिळतील का, याला महत्त्व होते.

भिंगार हे अहमदनगर शहरापेक्षा जुने गाव. १४९० मध्ये निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने बहामनी फौजेचा पराभव केला तो याच परिसरात, आणि शहर वसले ते त्यानंतर. १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतल्यावर इंग्रजांची छावणी पडली आणि भिंगार तिच्या कुशीत आले. पहिल्या महायुद्धानंतर इथे मशीनगनची आणि पुढे रणगाडा दलाची शाळा चालली. १९४८ मध्ये आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आकाराला आले. फाळणीच्या वेळी रावळपिंडीच्या चकलाल्याची लष्करी वाहनांची संस्था नगरला हलवली गेली. आजची व्हीआरडीई ही लष्करी वाहनांची संशोधन संस्था तीच, आणि तिच्या वसाहतीचे नावच वाहननगर. घोडदळाची छावणी अशी तीसेक वर्षांत इंजिनांची छावणी झाली.

या बदलाचा ठसा १९९४ मध्ये सुरू झालेल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये दिसतो. तिथली रोल्स-रॉइस चिलखती गाडी सिल्व्हर घोस्ट मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेली आहे. तिच्या इंजिनात सहा सिलिंडर, पण ब्लॉक एक नाही. तीन-तीन सिलिंडरचे दोन ओतीव ब्लॉक अॅल्युमिनियमच्या क्रँककेसवर बोल्टने बसवलेले. एक ब्लॉक खराब झाला तर तेवढाच बदलता येई. पुढे ओतकाम सुधारले आणि सिलिंडर व क्रँककेस एकाच ओतीत येऊ लागले. १९३२ मध्ये फोर्डने अख्खा व्ही-८ एका ओतीत स्वस्तात काढून दाखवला. तेव्हापासून ब्लॉक म्हणजे इंजिनाचा पायाच ठरला: तो गेला की इंजिन गेले.

रणगाडे बांधणाऱ्यांनीही दरवेळी नवे इंजिन घडवत बसण्यापेक्षा हाताशी असलेले ब्लॉक उचलले. ब्रिटिश माटिल्डाच्या पोटात बसगाड्यांची दोन डिझेल इंजिने शेजारी शेजारी बसवली होती. अमेरिकन शॅफीत कॅडिलॅक मोटारीचे दोन व्ही-८. १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये गरीबपूरला भारतीय पीटी-७६ रणगाड्यांनी पाकिस्तानी शॅफींना गारद केले, म्हणजे तिथे अमेरिकन श्रीमंतांच्या मोटारींचे ब्लॉकही पडले होते. सगळ्यांवर कडी क्रायस्लरची: पाच सहा-सिलिंडरी मोटार इंजिने एकाच गाभ्याभोवती जोडून त्यांनी शर्मन रणगाड्यासाठी तीस सिलिंडरचे धूड तयार केले. ते चालले, हेच नवल.

सामान्य माणसाच्या अंगणापर्यंत पोहोचली ती मात्र जीप. दुसऱ्या महायुद्धात विलीस आणि फोर्ड या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. इंजिन दोन्हींत एकाच आराखड्याचे होते: चार सिलिंडर, १३४ घनइंच म्हणजे सुमारे २.२ लिटर, ३⅛ इंच बोअर, ४⅜ इंच स्ट्रोक, तीन मेन बेअरिंग आणि ६० अश्वशक्ती. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमदने (१९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र) १९४७ मध्ये जीपची जोडणी सुरू केली. त्यामुळे लष्करी आणि मुलकी जीप देशात शेजारी शेजारी धावू लागल्या आणि एकीचा ब्लॉक दुसरीत जाऊ लागला.

इथेच निवडीची खरी मेख आहे. बाहेरून सारखे दिसणारे हे ब्लॉक आतून सारखे नाहीत. युद्धकाळातल्या इंजिनात कॅमशाफ्ट साखळीवर फिरतो. युद्धानंतर काही काळाने साखळी जाऊन गिअर आले. साखळीने कॅम क्रँकच्याच दिशेने फिरतो, गिअरने उलट. डिस्ट्रिब्युटरला फिरवणारा दांडा ऑइल पंपाचाच, म्हणून दोन्ही प्रकारांचे ऑइल पंप वेगळे. साखळीच्या ब्लॉकला गिअरच्या इंजिनाचा पंप लावला की टायमिंगचे गणित कोलमडते, आणि मेकॅनिक मात्र कार्ब्युरेटरशी झगडत बसतो. फोर्डच्या जीपची ओळख आणखी बारीक: फोर्डने आपल्या असंख्य भागांवर, अगदी बोल्टच्या माथ्यावरही, ‘एफ’ हे अक्षर उमटवले होते.

१९५३ च्या सीजे-३बी जीपमध्ये बोअर आणि स्ट्रोक तेच ठेवून इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये नेले, एक्झॉस्ट ब्लॉकमध्येच राहिले. ताकद सत्तरीपार गेली. इंजिन उंच झाले म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. महिंद्रने या घडणीच्या जीप पुढे कित्येक दशके बनवल्या. ब्लॉक आणि सुटे भाग मिळण्याच्या दृष्टीने भारतात सर्वांत सोयीचा हाच. युद्धकाळातल्या जीपमध्ये तो बसवला तर गाडी पळते चांगली, पण अस्सलपणा हेडपाशीच संपतो.

जुना ब्लॉक तपासण्याची रीत ठरलेली आहे. आधी सिलिंडरच्या वरच्या टोकाला नख फिरवून पाहायचे. रिंग जिथवर पोहोचते तिथे झिजून कंगोरा झालेला असतो, आणि तो जितका ठळक तितकी झीज जास्त. मग गेजने माप घ्यायचे. बोअर दहा, वीस, तीस किंवा चाळीस हजारांश इंच वाढवून त्या मापाचे पिस्टन घालता येतात. त्यापलीकडे भिंत पातळ पडते आणि स्लीव्ह ठोकावी लागते. स्लीव्ह नीट बसवली तर त्यात कमीपणा काही नाही. जीपच्या ब्लॉकचे दुखणे दुसरेच: व्हॉल्व्हची सीट ब्लॉकमध्येच असल्याने सीट आणि बोअर यांच्या मधल्या अरुंद जागेत चीर पडते. वर काजळी असेपर्यंत ती दिसत नाही. म्हणून ब्लॉक धुऊन, पाण्याच्या मार्गात दाब देऊन पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. बिडाला वेल्डिंग करायचे तर ब्लॉक आधी तापवावा लागतो आणि निवूही सावकाश द्यावा लागतो. घाई केली की शेजारी नवी चीर.

लष्कराने बाद केलेल्या गाड्या लिलावात निघतात. बाजारात त्यांना ‘डिस्पोजल’च्या गाड्या म्हणतात. त्यातली जोंगा विशेष. निसानच्या ‘पट्रोल’ या गाडीवरून घेतलेली ही गाडी जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत १९६९ पासून बनत होती. इंजिन सहा सिलिंडरचे, जवळपास चार लिटरचे, पेट्रोलवर चालणारे. भारतात मसल कारच्या जवळ जाणारे काही असेल तर हेच. पण त्याची तहान खासगी मालकाच्या खिशाला झेपेना, आणि अनेक जोंगांतून मूळ ब्लॉक निघून डिझेल इंजिने आली. जीपचेही तसेच झाले. महिंद्रच्या इगतपुरीच्या कारखान्यात प्युजोच्या परवान्यावर बनलेले २,११२ घनसेंटिमीटरचे डिझेल एमएम ५४० सारख्या गाड्यांत आले, आणि जुन्या पेट्रोल जीपच्या मालकांनाही तोच पर्याय दिसू लागला. त्या काळी काढलेले पेट्रोल ब्लॉक भंगाराच्या वजनाने गेले.

आता तेच शोधले जातात, आणि त्याला कायदाही कारण आहे. इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकात असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे ब्लॉक बदलला की परिवहन कार्यालयाची दारे ठोठावावी लागतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. तिची मुदत दहा वर्षे, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे डिझेल घातलेली जीप रोजच्या वापराला कितीही उत्तम असली तरी या यादीबाहेर राहते, आणि चाळीसच्या बोअरला पोहोचलेला मूळ ब्लॉक स्लीव्ह घालून पुन्हा कामाला लावणे मालकाला परवडते.