चोपन्न श्वास

बोईसरच्या फलाटावर उतरता, पण गाडी भलत्याच वर्षात थांबलीय. १९७५ चा पावसाळा. अंगावर पांढरी साडी, खांद्याला पिशवी, आणि तुम्हाला सगळे हाक मारतात ती ‘नर्सबाई’. पश्चिमेला तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देतंय. तुमची एसटी मात्र पूर्वेला, कासाकडे वळते.

कासा परिसरात या दशकात डॉ. पी. एम. शाहांचा माता-बालकांच्या पोषणाचा प्रकल्प उभा राहतोय. गावातल्याच बायका अर्धवेळ काम करतात, घरोघर जाऊन पोरांची वजनं करतात. त्यांतलीच एक तुम्हाला चिखलातून पाड्यावर घेऊन येते. झोपडीत चूल विझलेली. आठ महिन्यांचं पोर आईच्या मांडीवर, नाकपुड्या फुललेल्या. तुम्ही त्याचं झबलं वर करता, मनगटावरच्या घड्याळाकडे बघता आणि मोजता. मधेच ते रडतं. थांबता, पुन्हा पहिल्यापासून. मिनिटाला चोपन्न.

फुप्फुसात बिघाड आहे, हे तुम्हाला कळतं. पिशवीत लोहाच्या गोळ्या आहेत, मलमपट्टी आहे. प्रतिजैविक लिहायचं ते डॉक्टरांनी, आणि डॉक्टर सूर्या नदीच्या पलीकडे. नदीला पाणी चढलंय. दोन बाप्ये बांबूला झोळी बांधायला लागतात.

दहा वर्षांपूर्वी, १९६५ मध्ये, अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी एक अभ्यासक्रम काढलाय. परिचारिकेनेच मूल तपासायचं, निदान करायचं. त्याची बातमी या पाड्यावर कुठून यायला!

झोळी उचलली जाते आणि तुमच्या पायाखालची वाट सरकते. राज्याचं दुसरं टोक, गडचिरोली, १९८८. अभय आणि राणी बंग यांच्या प्रयोगातल्या गावात आरोग्यसेवक आणि सुइणी तान्ह्यांचा न्यूमोनिया ओळखून औषध देतायत. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून येईल की या गावांत न्यूमोनियाने मरणारी मुलं कमी झाली. पुढे मोठे आकडे न येणाऱ्या सुइणींसाठी एक साधन निघेल: मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी, दर दहा श्वासांना एक. तुम्ही मनातल्या मनात मणी सरकवता. पाच, आणि वर चार श्वास. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला जे जमतं, ते रीतसर शिकलेल्या परिचारिकेला करू द्यायला आपण इतकी वर्षं का घेतली?

दिल्ली, ऑगस्ट २०१९. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा कायदा झालाय. कलम ३२ सामुदायिक आरोग्य सेवकांना मर्यादित औषधं लिहायची मुभा देतं, आणि डॉक्टर रस्त्यावर उतरलेत. त्यांचा राग सगळाच खोटा नाही. उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) पदासाठी परिचारिकेला सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम. अमेरिकेत स्वतः तपासून औषध लिहिणारी परिचारिका, ‘फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर’, व्हायला किमान पदव्युत्तर पदवी. मला विचाराल तर सहा महिने कमीच आहेत. पण सहा महिन्यांचं शिक्षण आणि रिकामी खुर्ची यांत निवड करायची, तर पाड्यावरच्या आईला विचारा.

आता तुम्ही आजच्या काळात, पुन्हा कासाकडे आहात. पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला, उपकेंद्राच्या पाटीवर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ आलंय आणि तुम्ही ‘सीएचओ मॅडम’. टेबलावर रक्तदाबाचं यंत्र, साखर तपासायच्या पट्ट्या, डॉक्टरांशी पडद्यावर बोलायला ई-संजीवनी. आशाताईंनी तिशीवरच्यांच्या तपासणीचे फॉर्म आणून ठेवलेत. ते बाजूला सारता, कारण दारात एक आजी उभी आहे आणि तिच्या कडेवर आठ महिन्यांचं पोर.

झबलं वर करता. मोजता. चोपन्न. दोन ते बारा महिन्यांच्या बाळाला पन्नास किंवा त्याहून जास्त म्हणजे न्यूमोनिया. बरगडीखाली खड्डा पडतोय का? नाही. दूध पितंय? पितंय. खड्डा दिसला असता, तर हात फोनकडे गेला असता, १०८ ला. तुम्ही अमॉक्सिसिलिन काढता, पहिला डोस समोरच पाजता.

“डाक्टर कवा येल?” आजी विचारते.

“औषध दिलंय, आजी. परवा परत आणा. श्वास मोजायचाय.”