पेस्ट्रीच्या पिठात सावर क्रीम का घालतात? पापुद्रे नेमके कशामुळे सुटतात?

पेस्ट्री म्हटलं की आपल्याकडे बेकरीच्या काचेमागचा क्रीमवाला केकचा तुकडा डोळ्यासमोर येतो. पण युरोप-अमेरिकेत पेस्ट्री म्हणजे मुळात पीठ. मैदा आणि लोणी एकत्र करून मळलेलं, लाटून भाजलं की पापुद्रे सुटणारं पीठ. ॲपल पाय, टार्ट, पॅटिस, आपली खारी ही सगळी याच घराण्यातली.

हे पीठ घरी करायला घेतलं की बहुतेकांचं गणित एकाच ठिकाणी चुकतं, ते म्हणजे पाणी. थोडं कमी पडलं तर लाटताना कडा फाटतात. चमचाभर जास्त झालं तर भाजल्यावर पेस्ट्री चिवट होते. वर लोण्याचा भाव पाहता एक घाणा बिघडणं परवडणारं नसतं. पूर्व युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या घरांमध्ये यावर जुना उपाय आहे. पिठात पाणी घालायचंच नाही, त्याऐवजी सावर क्रीम घालायचं.

आधी थोडं मोहनाबद्दल

हा उपाय का चालतो ते समजून घ्यायला दिवाळीच्या फराळाकडे बघावं लागेल.

गव्हाच्या पिठात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही दोन प्रथिनं असतात. पाणी लागलं आणि मळलं की ती एकमेकांत गुंतून रबरासारखं जाळं तयार करतात, तेच ग्लुटेन. पोळीला आणि पावाला ते हवं असतं. शंकरपाळ्याला नको असतं, म्हणून आपण मोहन घालतो. कडकडीत तूप किंवा तेल पिठाला चोळलं की पिठाच्या कणाकणावर त्याचा थर बसतो, पाणी आतपर्यंत पोहोचत नाही आणि जाळं अर्धवट राहतं. मुठीत दाबलं तर मूठ वळली पाहिजे, ही मोहनाची परीक्षा म्हणजे पिठाला पुरेशी चरबी लागली की नाही याचीच परीक्षा. इंग्रजीत अशा चरबीला ‘शॉर्टनिंग’ म्हणतात. ग्लुटेनचे लांब धागे ती तयार होऊ देत नाही.

पण गरम मोहनाने पीठ खुसखुशीत होतं, त्याला पापुद्रे सुटत नाहीत. हे दोन वेगळे गुण आहेत आणि पाककृतींमध्ये त्यांची सर्रास सरमिसळ होते. खुसखुशीत म्हणजे दाताखाली सहज मोडणारं. पापुदऱ्यांसाठी मात्र चरबी पिठात पूर्ण मिसळून चालत नाही, ती वेगळी राहावी लागते.

चिरोटे करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. तुपात तांदळाचं पीठ किंवा कॉर्नफ्लोअर फेसून केलेला साटा पोळ्यांमध्ये लावला जातो. तांदळात आणि मक्यात ग्लुटेन नसतं, त्यामुळे साटा दोन पोळ्या एकमेकींना चिकटू देत नाही आणि तळताना थर मोकळे होतात. फ्रेंच पफ पेस्ट्रीत हेच काम थंड लोण्याची लादी करते. पीठ तीन पदरी घडी घालून लाटायचं, असं सहा वेळा केलं की लोण्याचे ७२९ थर होतात. मेहनत आणि वेळ, दोन्ही भरपूर.

सावर क्रीमचं पीठ या दोन्हींच्या मधलं आहे. थोडं लोणी पिठात चोळलं जातं, त्यामुळे खुसखुशीतपणा येतो. थोडं लोणी तुकड्यांच्या रूपात तसंच राहतं, त्यामुळे पापुद्रे सुटतात. आणि पीठ बांधायला पाण्याच्या जागी आंबवलेली साय असते.

सावर क्रीम पिठात काय करतं?

सावर क्रीम म्हणजे लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंनी विरजलेली मलई. अमेरिकेच्या नियमांनुसार त्यात किमान १८ टक्के दुधातलं फॅट असावं लागतं. उरलेल्यात सर्वांत मोठा वाटा पाण्याचाच असतो, साधारण ७० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अर्धा कप, साधारण ११५ ग्रॅम सावर क्रीम घातलं तर पिठात जवळपास ८० ग्रॅम पाणी जातंच.

मग फरक कुठे पडतो? हे पाणी मोकळं नसतं. विरजल्यामुळे दुधातली प्रथिनं एकमेकांना धरून जाळी करतात आणि पाणी त्या जाळीत अडकतं, सोबत फॅटचे बारीक कण असतात. साधं पाणी ओतलं की जिथे पडतं तिथलं पीठ लगेच ते शोषून घेतं आणि तिथे ग्लुटेन तयार व्हायला लागतं. सावर क्रीम मात्र सावकाश पसरतं आणि जाताना पिठाला थोडी चरबीही लावतं. चमचाभर इकडेतिकडे झालं तरी पीठ बिघडत नाही ते यामुळे. नवशिक्यांसाठी हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणायला हवा.

इंटरनेटवर याचं श्रेय बहुतेक वेळा आंबटपणाला दिलं जातं. ‘आम्ल ग्लुटेन तोडतं, म्हणून पेस्ट्री नरम होते’, हे वाक्य शेकडो पाककृतींमध्ये सापडेल. ते अर्धसत्य आहे. आम्लता बरीच वाढली तर ग्लुटेन सैल पडतं हे खरं, पण पीठ जेमतेम आंबट झालं तर ते उलट थोडं घट्ट होऊ शकतं. सावर क्रीमचा पीएच ४.५ च्या जवळपास असतो आणि पिठात मिसळल्यावर त्याचा जोर आणखी कमी होतो. त्यामुळे नरमपणाचं मोठं श्रेय चरबीला आणि बांधलेल्या पाण्याला द्यायला हवं.

आंबटपणाचे दोन फायदे मात्र नक्की आहेत. एक म्हणजे चव, कारण इतक्या लोण्यात तो थोडा आंबटपणा तोंडाची चव सावरतो. दुसरं म्हणजे कच्चं पीठ एक-दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवलं तरी लवकर काळपट पडत नाही.

हे पीठ आलं कुठून?

एका माणसाचा किंवा एका गावाचा शोध म्हणता येईल असं हे काही नाही. रशियात स्मेताना, पोलंडमध्ये श्मिएताना, हंगेरीत तेयफोल, अशा वेगवेगळ्या नावांनी आंबवलेली मलई तिथल्या स्वयंपाकघरांत रोज असतेच. ती सूपमध्ये जाते तशी पिठातही गेली.

हंगेरीत पोगाचा नावाचे छोटे, गोल, खारे बन मिळतात. वरून सुरीने जाळीदार रेघा मारलेले आणि आत थर असलेले. त्यांच्या पिठात आंबट मलई हमखास असते. पोलंडमधले फावोर्की तर आपल्याला ओळखीचे वाटतील. मैदा, अंड्याचा बलक आणि आंबट मलई यांचं पीठ लाटण्याने बडवून बडवून पातळ लाटतात, त्याच्या पट्ट्या कापून मधोमध चीर देतात, त्यातून एक टोक ओढून पीळ घालतात आणि तळून वर पिठीसाखर भुरभुरतात. ईस्टरआधीच्या उपवासाचा काळ सुरू होण्यापूर्वी, ‘चरबीचा गुरुवार’ म्हणून साजऱ्या होणाऱ्या दिवशी ते खाल्ले जातात. उपवासाआधी घरातलं तूपलोणी संपवायचं, हा त्यामागचा साधा हिशेब.

पूर्व युरोपातल्या ज्यू घरांमधला रुगेलाख हाही याच गोतावळ्यातला. अमेरिकेत त्याच्या पिठात क्रीम चीज रूढ झालं, पण सावर क्रीमची पद्धतही टिकून आहे. अमेरिकी पायच्या पाककृतींमध्ये हे पीठ ‘हमखास जमणारं’ म्हणून दिलं जातं.

प्रमाण आणि कृती

मैदा २५० ग्रॅम, लोणी २०० ग्रॅम, सावर क्रीम ११५ ग्रॅम, चमचाभर साखर आणि अर्धा चमचा मीठ. खारं सारण भरायचं असेल तर साखर वगळा. आपल्याकडच्या पिवळ्या बटरमध्ये मीठ आधीच असतं, ते वापरलं तर वेगळं मीठ घालू नका. एवढ्या पिठात ९ इंची पायचे दोन तळ होतात. अंडं लागत नाही, हे अनेक घरांसाठी महत्त्वाचं.

घरचं पांढरं लोणी वापरता येतं, पण एक अडचण आहे. बाजारच्या बटरमध्ये किमान ८० टक्के फॅट असतं, पाणी १६ टक्क्यांच्या आसपास. घरच्या लोण्यात ताक आणि पाणी जास्त राहतं. ते नीट धुऊन, दाबून पाणी काढून, फ्रीजमध्ये कडक करून मगच घ्यावं. तूप मात्र इथे चालणार नाही. त्यात पाणी नसतं, आणि वाफ होऊन थर उचलायला लोण्यातलं ते थोडं पाणीच कामाला येतं.

लोण्याचे चौकोनी तुकडे करून ते मैद्यात टाका आणि बोटांच्या टोकांनी चपटे करत जा. तळहात लावू नका, तो गरम असतो. बरंचसं लोणी रव्यासारखं मिसळलं आणि काही तुकडे वाटाण्याएवढे दिसू लागले की थांबा. इथेच हात आवरत नाही आणि पापुद्रे हातचे जातात. सगळं लोणी एकजीव झालं तर नानकटाईसारखं भुसभुशीत काहीतरी होईल. चव उत्तम, पण पापुद्रे नाहीत.

आता थंडगार सावर क्रीम घालून काट्याने ढवळा. पीठ कोरडं आणि विस्कटलेलं दिसेल, तरी पाणी घालण्याचा मोह टाळा. हाताने दाबून गोळा होतोय ना, एवढंच बघा. कणकेसारखं मळायचं नाही. गोळ्याची चपटी चकती करून, झाकून किमान तासभर फ्रीजमध्ये ठेवा. तेवढ्या वेळात ओलावा सगळीकडे सारखा मुरतो, जेवढं ग्लुटेन झालंय ते सैलावतं आणि लोणी पुन्हा घट्ट होतं. जास्त थर हवे असतील तर लाटून तीन पदरी घडी घालावी, पुन्हा गार करून आणखी एकदा तसंच करावं. दोन घड्या पुरतात.

मुंबईच्या उकाड्यात काय करायचं?

लोणी ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याच्या बरंच आधी ते मऊ पडतं. एप्रिल-मे महिन्यांत कोकणपट्टीतल्या स्वयंपाकघरात तापमान त्याच्या आसपासच असतं. परदेशी पाककृतींमध्ये ‘रूम टेंपरेचर’ लिहिलेलं असतं ते २०-२२ अंशांचं, हे लक्षात ठेवायला हवं.

सोपा मार्ग म्हणजे लोणी फ्रीझरमध्ये दगडासारखं करून किसणीने थेट मैद्यात किसणं. मैदा आणि भांडंही आधी अर्धा तास गार करून घ्यावं. लाटताना पीठ चिकटायला लागलं तर वर मैदा भुरभुरत बसू नका, पीठ सरळ १५ मिनिटं फ्रीजमध्ये परत ठेवा. जास्तीचा मैदा पेस्ट्री कडक करतो.

बेकऱ्या हा प्रश्न वेगळ्या प्रकारे सोडवतात. खारी आणि पफसाठी उशिरा वितळणारं बेकरी मार्जरीन वापरलं जातं. ते उन्हाळ्यात टिकतं, स्वस्तही पडतं, पण तोंडातही चटकन वितळत नाही, म्हणून काही खारी खाल्ल्यावर टाळूला तेलकट थर जाणवतो. अशा चरबीतल्या ट्रान्स फॅटवर भारतात जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे.

सावर क्रीम नसेल तर?

शहरांतल्या मोठ्या दुकानांत ते मिळतं, पण महाग असतं. गंमत म्हणजे अनेक मराठी घरांत त्याचं भावंडं आधीच असतं. तुपासाठी रोज साठवून विरजण लावलेली साय ही आंबवलेली मलईच आहे. फक्त ती ताजी हवी. आठ-दहा दिवस साठलेल्या सायीचा उग्र वास पेस्ट्रीत उतरतो. साय गुठळ्यांची असल्यामुळे आधी फेटून एकसारखी करा. तिच्यात फॅट जास्त असू शकतं, पीठ बांधलं जात नसेल तर चमचाभर घट्ट दही घाला.

दुसरा पर्याय म्हणजे पाकिटातलं फ्रेश क्रीम. त्यात साधारण २५ टक्के फॅट असतं. ते कोमट करून चमचाभर दही मिसळावं आणि रात्रभर झाकून ठेवावं. घट्ट आणि आंबूस झालं की फ्रीजमध्ये गार करून वापरावं. श्रीखंडाच्या चक्क्यात थोडं क्रीम फेटूनही काम भागतं. पातळ दही मात्र नको, त्यातलं मोकळं पाणी पुन्हा तोच चिवटपणा आणेल ज्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

भाजताना

ओव्हन आधीच २०० अंशांवर पूर्ण तापलेला हवा. पेस्ट्री थंड आणि ओव्हन गरम, ही जोडी जमली की लोण्यातलं आणि मलईतलं पाणी झटकन वाफ होतं. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,६०० पट जागा मागते, तीच थर वर ढकलते. तोवर भोवतालचं पीठ भाजून घट्ट झालेलं असतं, म्हणून ते पुन्हा खाली बसत नाही. ओव्हन कोमट असेल तर पीठ घट्ट होण्याआधीच लोणी वितळून ट्रेमध्ये वाहून जातं.

पहिल्या १५-२० मिनिटांनंतर आच १८० पर्यंत उतरवता येते. रंग फिका असताना बाहेर काढू नका, आतले थर तेव्हा ओलेच असतात. नीट सोनेरी-तपकिरी व्हायला हवं.

उरलेलं कच्चं पीठ प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये महिना-दोन महिने राहतं. वापरायच्या आदल्या रात्री ते खाली फ्रीजमध्ये उतरवा. कापताना निघालेली कातरणं गोळा करून मळू नका, एकावर एक रचून दाबा आणि लाटा, म्हणजे थर शाबूत राहतात. त्यावर जिरं आणि मिरपूड पेरून पट्ट्या भाजल्या तर चहासोबत खायला घरची खारी तयार होते.