दुधाचं पितळी पातेलं

जुलै २०२१ चा पूर महाड-पोलादपूरच्या माणसाला नव्याने सांगायला नको. पाणी ओसरल्यावर आम्ही बचत गटाच्या बायका घराघरांतला चिखल काढायला गेलो होतो. एका घरात चिखलात रुतलेलं पितळेचं पातेलं निघालं. मी ते चिंचेनं घासायला घेतलं, तर घरातल्या आजी म्हणाल्या, “ते दुधाचं. माझे दोन भाऊ पोट नगाऱ्यासारखं होऊन गेले. पहिला गेला तेव्हा लोक म्हणाले, आईच्या दुधात दोष आहे. म्हणून दुसऱ्याला लवकरच म्हशीचं दूध सुरू केलं. तोही गेला.”

आजींच्या भावांना नेमकं काय झालं होतं, ते आज कोण सांगणार? पण लहान मुलांचा असाच एक लिव्हरचा आजार आपल्या देशात होता आणि त्याचा उलगडा होण्यात आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे.

डॉक्टर त्याला ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ म्हणत. बहुतेक मुलं सहा महिने ते चार-पाच वर्षांची. आधी किरकिर, भूक मंद, पोट फुगलेलं. पोटाला हात लावला की लिव्हर टणक लागायचं. मग कावीळ व्हायची, पोटात पाणी व्हायचं आणि बहुतेक मुलं काही महिन्यांत जायची. १८८७ मध्ये कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी या आजाराचं वर्णन लिहून ठेवलं. पुढे जवळजवळ शंभर वर्षं कारण हाती लागलं नाही. एकाच घरात दोन-दोन मुलं दगावत, म्हणून रक्तातला दोष म्हणा, नजर म्हणा, नाहीतर आईचं दूध म्हणा. बोट शेवटी बाईकडेच!

मग या मुलांच्या लिव्हरमध्ये तांबं सापडलं, तेही नेहमीच्या कितीतरी पट जास्त. ते आलं कुठून? पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर हा शोध घेतला. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की त्यांनी स्वयंपाकघरातले प्रश्न विचारले. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? कशात तापवलं? कशात ठेवलं? १९८३ मध्ये त्यांचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत आला. आजारी मुलांना गाईम्हशीचं दूध लवकर सुरू झालेलं होतं आणि ते कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात तापवलेलं किंवा ठेवलेलं असायचं.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. दूध त्यातलं तांबं ओढून घेतं आणि दुधातलं केसीन ते धरून ठेवतं. मोठ्या माणसाचं लिव्हर जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. तान्ह्या बाळाच्या लिव्हरमध्ये जन्मतःच तांब्याचा साठा असतो आणि ते बाहेर टाकायची ताकद अजून कमी असते. आईच्या दुधात तांबं थोडंच असतं. पितळ वापरणाऱ्या प्रत्येक घरात मूल आजारी पडलं नाही, त्यामुळे काही अंगचा दोषही असावा, असं डॉक्टर मानतात.

नवसागर टाकून तापल्या भांड्यावर कथील फिरवणारा कल्हईवाला तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. आपण समजायचो, ताक-आमटी कळकू नये म्हणून कल्हई. तो कथलाचा पातळ थर बाळाच्या दुधाच्या आणि तांब्याच्या मध्येही उभा होता. थर झिजला, पैसे नाहीत म्हणून कल्हई पुढे ढकलली, की दूध थेट पितळात.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असंही नाही. ऑस्ट्रियातल्या टायरोल या डोंगराळ मुलखात १९०० ते १९७४ या काळात १३८ मुलं अशाच आजाराने गेली. तिथेही गाईचं दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात तापवत. भांडी बदलली, आजार संपला.

आपल्याकडे पेनिसिलामाइन या औषधाने, लवकर दिलं तर, काही मुलं वाचली. पण आजार ओसरला तो भांडी बदलल्यामुळे. पुण्याच्या डॉक्टरांनी घरोघरच्या आयांना पितळ टाळायला सांगितलं, हे खरंच. पण माझ्या मते थोडं श्रेय बोहारणीलाही द्यायला हवं. जुन्या लुगड्यांवर घासाघीस करून आपल्या आयांनी स्टीलची पातेली घेतली, ती काही ‘लॅन्सेट’ वाचून नव्हे.

आता तांब्या-पितळेची हौस परत आली आहे. गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एकीने बारशाच्या आहेरासाठी पितळी वाटी-चमचा विकायला ठेवू या म्हटलं, तेव्हा मी नको म्हणाले. थोडा वाद झाला. शोभेला ठेवा, पूजेला वापरा. बाळाचं दूध, ताक, आंबट काही त्यात नको. पहिले सहा महिने तर अंगावरच्या दुधाशिवाय दुसरं काहीच लागत नाही.

मुलांना होणारी कावीळ आज बहुतेकदा दूषित पाण्यातून होते. तरी डोळे पिवळे दिसले तर माळ घालून, कावीळ उतरवून घेण्यात दिवस घालवू नका. आणि तान्ह्या बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही राहिली, शी पांढरट झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

आजींना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “म्हणजे आईचं दूध चांगलंच होतं?” मी हो म्हटलं.

पुढच्या वेळी पावसाळ्यातल्या जुलाबांविषयी बोलू. नमस्कार.