पुण्याची पाठशाळा आणि दक्षिणेचा पैसा

कंपनीच्या १८१३ च्या सनदेंत विद्येच्या उत्तेजनार्थ दरसाल निदान एक लक्ष रुपये खर्चावे असें कलम आहे. परंतु १८२३ त कलकत्त्यास शिक्षणसमिति नेमली जाईपर्यंत त्याचा म्हणण्यासारखा विनियोग झाला नाहीं. मग ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं पुण्यास विश्रामबागवाड्यांत चॅपलिनसाहेबांनीं संस्कृत पाठशाळा उघडली, ती कोणाच्या द्रव्यावर? श्रावणमासीं पेशवे विद्वान् ब्राह्मणांस जी दक्षिणा वांटीत, तिच्याच रकमेंतून. राज्य गेल्यावर एल्फिन्स्टनसाहेबांनीं दक्षिणा अजीबात बंद केली नाहीं, एवढें श्रेय त्यांस देणें प्राप्त आहे. तथापि पाठशाळेस मिळालेला पैसा जुन्या धर्मादायांतून वळविलेला होता, नव्या तरतुदीचा नव्हे. ‘सरकारी पाठशाळा’ हें नांव म्हणूनच आम्हांस अर्धेंच खरें वाटतें. ज्यांच्या संग्रहीं दक्षिणेच्या यादी असतील, त्यांनीं त्या या दृष्टीनें पुनः तपासून पाहाव्या.