इवो जिमाचा विस्मृत साक्षीदार

डोंगरमाथ्यावर कांहीं सैनिक वाऱ्याशीं झोंबत एक निशाण उभें करीत आहेत, हें चित्र आपणांपैकीं बहुतेकांनीं कोठें ना कोठें पाहिलें असेल. मी शाळेंत इतिहास शिकवीत असतां दुसऱ्या महायुद्धाच्या धड्याला तें वर्गांत दाखवीत असें. एके वर्षीं एका चुणचुणीत मुलानें विचारलें, "गुरुजी, हें खरोखर घडलें, कीं फोटोसाठीं उभें राहून काढलें?" त्या दिवशीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें शोधतां शोधतां ज्या माणसाची मला ओळख झाली, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

त्याचें नांव विल्यम जेनॉस्ट. जन्म १९०६ सालचा, अमेरिकेंतील साउथ डकोटा प्रांतांतला. तो अमेरिकेच्या मरीन दळांत सार्जंट होता. मरीन म्हणजे आरमाराच्या जहाजांतून जाऊन शत्रूच्या किनाऱ्यावर उतरणारा व तेथें जमिनीवर लढणारा शिपाई. जेनॉस्टकडे युद्धाचें चलच्चित्रण करण्याचें काम होतें. परंतु प्रसंग पडला तर कॅमेरा बाजूस ठेवून बंदूक हातीं घेणारा हा गडी होता. १९४४ सालीं सायपान बेटावरील लढाईंत तो असाच लढला व जखमी झाला. जखम बरी होतांच तो पुन्हां आघाडीवर हजर झाला.

इवो जिमा, अर्थात् गंधकाचें बेट, हें टोकियोच्या दक्षिणेस सुमारें १,२०० किलोमीटरवर आहे. क्षेत्रफळ अवघें वीस चौरस किलोमीटरच्या आसपास. परंतु त्यावर विमानतळ होते, आणि तेथून जपानची मुख्य भूमि विमानांच्या टप्प्यांत येत होती. जनरल कुरिबायाशी यांनीं बेटाचें पोट पोखरून भुयारांचें जाळें विणलें होतें. १९ फेब्रुवारी १९४५ रोजीं अमेरिकन सैन्य उतरलें, आणि चार दिवसांनीं, २३ तारखेस, दक्षिण टोंकाच्या सुरिबाची डोंगरावर निशाण चढलें. तें निशाण लहान होतें. कांहीं तासांनीं तें उतरवून त्या जागीं दुसरें मोठें निशाण उभारलें गेलें. जगप्रसिद्ध छायाचित्र आहे तें या दुसऱ्या निशाणाचें.

तें टिपणारा वृत्तसंस्थेचा छायाचित्रकार जो रोझेन्थाल आणि जेनॉस्ट हे अगदीं शेजारीं उभे होते. रोझेन्थाल यांनीं पुढें सांगितलें कीं, आपण मध्यें तर येत नाहीं ना, अशी जेनॉस्टनें सौजन्यानें चौकशी केली, आणि तेवढ्यांतच निशाणाची काठी उचलली जाऊं लागली. एकानें एक क्षण टिपला. दुसऱ्यानें ती सबंध क्रिया रंगीत फितीवर उतरविली. छायाचित्राला त्याच वर्षीं पुलित्झर पारितोषिक मिळालें.

पुढें प्रवाद उठला कीं, चित्र बनावट आहे. रोझेन्थाल यांनीं त्याच ठिकाणीं सैनिकांना एकत्र उभें करून दुसरेंहि एक छायाचित्र काढलें होतें, त्यावरून हा घोंटाळा झाला. परंतु जेनॉस्टची फीत पाहिली म्हणजे संशयाला जागा उरत नाहीं. काठी उचलली जाते, वर चढते, निशाण फडकते. कोणी कोणास उभें राहण्याची सूचना देत नाहीं, कोणी कॅमेऱ्याकडे पाहत नाहीं. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर त्या कांहीं सेकंदांत होतें.

परंतु ती साक्ष समजावून सांगण्यास साक्षीदार मात्र उरला नाहीं. निशाण चढलें तरी लढाई संपली नव्हती. ती आणखी महिनाभर चालली. ४ मार्च रोजीं बेटाच्या उत्तर भागांत, ३६२-ए या नांवाच्या टेंकडीवर, एका गुहेंत शत्रु उरला आहे कीं काय हें पाहावयाचें होतें. आंत काळोख. जेनॉस्टजवळ विजेरी होती. ती घेऊन तो स्वतः पुढें झाला, आणि अंधारांतून सुटलेल्या मशीनगनच्या गोळ्यांनीं जागींच ठार झाला. पुढें त्या गुहेचें तोंड बुजविण्यांत आलें. वय अवघें अडतीस. त्याच्या फितीचा उपयोग केलेला माहितीपट त्याच वर्षीं चित्रगृहांत लागला, तेव्हां तो हयात नव्हता.

१९९५ सालीं सुरिबाचीच्या माथ्यावर त्याच्या नांवाची एक स्मृतिपट्टिका बसविण्यांत आली. २००७ सालीं अमेरिकेच्या एका पथकानें बेटावर येऊन त्याच्या अवशेषांचा शोध घेतला. परंतु कांहीं हातीं लागलें नाहीं. येथें दुसरी बाजूहि ध्यानांत ठेवली पाहिजे. या लढाईंत सुमारें ६,८०० अमेरिकन पडले. जपानच्या सुमारें २१,००० शिपायांपैकीं फारच थोडे जिवंत राहिले. त्यांतील हजारोंचे अवशेष अद्यापि त्याच भुयारांत आहेत. खुद्द कुरिबायाशींचा देहहि ओळखतां आला नाहीं. काळोखांत गोळी झाडणारा आणि विजेरी घेऊन आंत शिरणारा, दोघांच्याहि घरीं कोणीतरी वाट पाहत राहिलें असेल. मातीनें दोघांत भेद केला नाहीं.

असो. निशाण उभारणारे नक्की कोण, याची दुरुस्ती १९४७ सालीं एकदां झाली होती; ती २०१६ व २०१९ या सालीं पुन्हां करावी लागली. सत्तर वर्षांहून अधिक काळ भलतींच नांवें सांगितलीं जात होतीं. छायाचित्रें आणि जेनॉस्टची फीत बारकाईनें तपासून खरीं नांवें पुढें आलीं, आणि हॅरॉल्ड शुल्त्झ व हॅरॉल्ड केलर या दोन शिपायांना त्यांचा न्याय्य मान मिळाला. दोघेहि तोंवर वारले होते. हयातींत त्यांनीं त्या मानाची जाहीर मागणी कधीं केली नव्हती.

श्रोतेहो, ज्याच्या स्वतःच्या अस्थींचा पत्ता नाहीं, त्यानें इतरांचीं नांवें इतिहासांत आपापल्या जागीं बसविलीं. इतिहास शिकविणाऱ्यानें पराक्रम करणाऱ्यांचीं नांवें पाठ करून घ्यावींत, हें योग्यच. परंतु जो जवळ उभा राहून पाहतो, आणि पाहिलें तें जसेंच्या तसें मागें ठेवून जातो, त्याचेंहि नांव मुलांना सांगितलें पाहिजे. तो माझा विद्यार्थी आज कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. हें भाषण त्याच्या कानीं पडलें, तर एवढेंच सांगावयाचें कीं, बाळा, तुझ्या प्रश्नाचें उत्तर देण्यास मला उशीर झाला. तें चित्र खरें आहे.