मामलेदाराच्या कचेरीतला आरोपी दाद कुठे मागणार?

आजचा धागा फौजदारी खटला एका दंडाधिकाऱ्याकडून काढून दुसऱ्याकडे सोपवण्याच्या तरतुदीविषयी आहे. विषय रुक्ष वाटेल, पण विट्यापासून सुरुवात केली की त्यातली अडचण चटकन ध्यानात येते.

ब्रिटिश अमदानीत विटा हे सातारा जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे ठाणे होते. (दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये, त्याला सांगली हे नाव मिळाले १९६० मध्ये.) मुंबई इलाख्यात मामलेदार सारा वसूल करी आणि बहुधा दंडाधिकारी म्हणून खटलेही चालवी. ज्याने साऱ्याचा तगादा लावला, त्याच्याचसमोर आरोपी म्हणून उभे राहण्याची पाळी रयतेवर येई.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने अशा आरोपीसाठी दोन वाटा ठेवल्या होत्या. कलम ५२८ खाली जिल्हा दंडाधिकारी खटला काढून घेऊ शके. पण जिल्हा दंडाधिकारी म्हणजे कलेक्टर, म्हणजे मामलेदाराचा महसुली वरिष्ठच! दुसरी वाट कलम ५२६ ची : निःपक्षपाती चौकशी होणार नाही असे दिसल्यास उच्च न्यायालयाकडे अर्ज. त्यासाठी मुंबई गाठायची. माणदेशाच्या कडेच्या शेतकऱ्याला हा हक्क कितपत परवडत असेल?

मला त्या संहितेतले सर्वांत लक्षणीय कलम वाटते ते १९१. दंडाधिकाऱ्याने स्वतःच्या माहितीवरून गुन्ह्याची दखल घेतली असेल, तर पुरावा नोंदवण्यापूर्वी त्याने आरोपीला सांगायचे, की तुला दुसऱ्या न्यायालयाकडे जाण्याचा हक्क आहे. येथे पक्षपात सिद्ध करावा लागत नाही. आरोपीने हरकत घेणे पुरेसे असते.

मूळ दुखणे मात्र अधिकारांच्या सरमिसळीचे होते. काँग्रेसने १८८६ पासूनच न्याय आणि कारभार वेगळे करण्याची मागणी लावून धरली. मुंबई राज्यात तसा कायदा झाला तो १९५१ मध्ये.

पुढे प्रश्न उलट बाजूने आला : भीती खरी की सोयीची? राणी जेठमलानी यांनी मुंबईच्या महानगर दंडाधिकाऱ्यांपुढे अब्रुनुकसानीची फिर्याद केली होती. मनेका गांधी यांनी खटला दिल्लीला न्यावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. मुंबईत वकील मिळत नाही, न्यायालयात गोंधळ होतो, अशी कारणे होती. न्या. कृष्ण अय्यर यांनी नोव्हेंबर १९७८ मध्ये तो फेटाळला. निःपक्ष सुनावणी ही पहिली अट खरी, पण पक्षकाराची गैरसोय किंवा हळवेपणा म्हणजे अन्यायाची भीती नव्हे, असा त्या निकालाचा रोख आहे. गोंधळ आवरण्याचे काम त्यांनी दंडाधिकाऱ्यांवरच सोपवले.

आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही कलमे ४४६ ते ४४८ आहेत. विट्यातील आरोपीला जिल्ह्यातल्या जिल्ह्यात खटला हलवायचा असेल, तर आधी सांगलीच्या सत्र न्यायाधीशांकडे जावे लागते. तेथे अर्ज नामंजूर झाला तरच उच्च न्यायालय. आणि ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबईची एसटी धरावी लागत नाही, सर्किट बेंच कोल्हापुरात बसते.